कौल वाजवणारा

भट्टीतून निघालेलं कौल चांगलं की फुटकं, हे डोळ्यांना कळत नाही. वरून तांबूस, गुळगुळीत, देखणं दिसतं आणि पोटात केसाएवढी चीर घेऊन बसलेलं असतं. ते उचलायचं, डाव्या हाताच्या तीन बोटांवर सैल तोलायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकणीनं मध्यावर एक टोला द्यायचा. चांगलं असलं तर टण्ण करतं आणि तो आवाज जरा वेळ हवेत रेंगाळतो. फुटकं असलं तर थप्प. ओल्या भिंतीवर चापट मारल्यासारखं. विद्या एवढीच. पण दिवसाला दोन-अडीच हजार कौलं अशी वाजवायची आणि प्रत्येकाचा निवाडा एका टोल्यात करायचा, हे काम आमच्या कारखान्यात एकच माणूस करायचा. त्याचं खरं नाव मतदार यादीत असेल. गावात त्याला ठोक्या म्हणत. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची आणि रागावली की तीही ठोक्याच म्हणायची.

कारखाना गावाच्या उताराला, ओढ्याच्या अलीकडे. तिथली माती लोण्यासारखी चिकट, तिच्यासाठीच तो तिथे आला. ज्यांची शेतं होती त्यांनी ती मातीसाठी विकली. शेतं आधी गुडघाभर खाली गेली, मग माणूसभर, मग घर बुडेल इतकी. आता तिथे पाण्यानं भरलेले खड्डे आहेत आणि विकणाऱ्यांची पोरं आपल्याच बापाच्या शेताची कौलं डोक्यावर वाहतात. ज्यांच्याकडे विकायलाही काही नव्हतं त्यांच्यातला ठोक्याचा बाप. तो खाणीत माती कापायचा आणि चाळिशीतच कंबरेतून जो वाकला, तो शेवटपर्यंत जमिनीकडेच बघत चालला. ठोक्याही खाणीतच लागला होता. मग जुना वाजवणारा म्हातारा गेला. तेव्हाच्या मुकादमानं दहा जणांना पाठमोरं उभं करून मागे कौलं वाजवली. नऊ जण कुठे ना कुठे चुकले. दहावा ठोक्या.

कारखान्यात बसून करायचं काम हे एकच. सावलीत, घडी घातलेल्या पोत्यावर, भिंतीला पाठ टेकून. शिवाय काम कायमचं, आणि कायम माणसाला कारखान्याच्या रांगेतली खोली. खोली म्हणजे दहा पावलं लांब, सहा पावलं रुंद. मागे चूल, वर एक झरोका, आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. इकडे कांदा चिरला की तिकडच्यांच्या डोळ्यांत पाणी. पण पावसापाण्यात डोक्यावर छप्पर होतं आणि ‘रांगेत राहतात’ म्हटलं की दुकानदार जरा बरं बोलायचा. काम सुटलं की आठ दिवसांत खोली मोकळी करायची. नियम कुठे लिहिलेला नव्हता, सगळ्यांना पाठ होता.

त्याच्या बायकोला कारखान्यात सगळे वहिनी म्हणत. ती कच्ची कौलं पाटीत भरून सुकवायच्या मांडणीपर्यंत वाहायची. सव्वीस वर्षं. मान बैलासारखी घट्ट झालेली आणि चालणं असं, की डोक्यावर काही नसतानाही वाटावं, हिच्या डोक्यावर काहीतरी आहे.

एका वर्षी ठोक्यानं अचानक कौलं फेकायला सुरुवात केली. शंभरात चाळीस फुटकी, मग पन्नास, मग साठ. मुकादम धावत आला.

“ठोक्या, भट्टी विकायचीय की पुरायचीय?”

“माल मेलाय. सगळं थप्प बोलतंय. माती बदला.”

“मातीला काय झालं?” भट्टीवाला उसळला. “तीच माती, तीच लाकडं, तोच मी. तूच सकाळी काय खाऊन येतोस ते सांग.”

पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी वहिनी पाटी घेऊन त्याच्या पुढून जाताना थांबली.

“अहो, ते का फेकलंत?”

“फुटकं आहे.”

“घंटेसारखं वाजलं की! मला डोक्यावर पाटी असून ऐकू आलं.”

ठोक्यानं फेकलेल्यांतलं एक कौल परत उचललं. टोला दिला आणि कौलाकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

“आता?”

“टण्ण.”

दुसरं उचललं. “आता?”

“टण्ण. माझी थट्टा करताय का?”

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या कानाला फक्त टोला ऐकू येत होता, मागचं रेंगाळणं येतच नव्हतं. माती मळायचं यंत्र त्याच्या पोत्यापासून बारा पावलांवर. पंचवीस वर्षं त्या खडखडाटात त्यानं बारीक आवाज वेचले होते आणि तेवढेच बारीक आवाज यंत्रानं खाल्ले होते. माणसाचं बोलणं अजून ऐकू यायचं, समोरून आणि मोठ्यानं बोललं तर. पाठीमागून बोललं तर गेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं मान वाकडी केली. खोलीतून निघाली ती वाकडी करूनच, आणि तशीच मुकादमापुढे उभी राहिली.

“मान धरलीय. पाटी जमायची नाही. यांच्यापुढे भट्टीतली कौलं उचलून द्यायचं काम द्या.”

“ते पोरीबाळींचं काम. मजुरी उतरेल.”

“उतरू द्या.”

मुकादमाला काय त्याचं! त्यानं हो म्हटलं. आणि त्या दिवसापासून आमच्या कारखान्यातली कौलं वहिनी तपासायला लागली.

ते असं. ठोक्या पोत्यावर खाली बसलेला, वहिनी समोर उभी. ती कौल द्यायची, तो टोला मारायचा, ती ऐकायची. चांगलं असलं तर काही नाही. फुटकं असलं तर डाव्या पायाचा अंगठा उचलायचा. ठोक्याची नजर खालीच असायची. अंगठा दिसला की कौल फुटक्यांच्या खड्ड्यात. वाकडंतिकडं आहे का, भाजणी कमी-जास्त आहे का, ते त्याचं तोच डोळ्यांनी बघायचा. पहिल्या महिन्यात एकदा वहिनीच्या पायाला मुंगळा चावला आणि ती नाचली, तर सलग सहा चांगली कौलं खड्ड्यात गेली.

तुम्ही म्हणाल, मग सरळ वहिनीलाच का नाही बसवलं? तर आमच्याकडे बाईनं ठोकणी धरायची नाही. बाईच्या मनगटात टोला नसतो, म्हणे. हे कोणी पहिल्यांदा म्हटलं माहीत नाही. ज्या मनगटांनी तीस तीस कौलांची पाटी डोक्यावर चढते, त्यांच्यात पावशेर लाकडाचा टोला नसतो! पण ते तसं होतं. सूर्य पूर्वेला उगवतो त्यावर जसं कोणी बोलत नाही, तसं त्यावरही कोणी बोलत नव्हतं.

चार वर्षं गेली. कोणाला कळलं नाही. फक्त ठोक्या बायकोच्या पायांकडे टक लावून बसतो, एवढं सगळ्यांनी बघितलं आणि त्यावरून व्हायचं ते झालं. त्यातही पुढे भोंग्या. भोंग्या म्हणजे कारखान्याचा ट्रॅक्टर चालवणारा, ठोक्याचा खाणीतल्या दिवसांपासूनचा दोस्त. इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय लागलेली, त्यामुळे ‘जेवलास का’ हेही तो आग लागल्यासारखं विचारायचा.

“काय रे ठोक्या! लग्नाला तीस वर्षं झाली, अजून पाय बघून पोट भरत नाही?”

“तुझ्या बायकोचे बघितले असते, पण तिच्या पायात चप्पल कायम फेकून मारायच्या बेतात असते.”

बायका हसायच्या. वहिनीही हसायची, पण अंगठा जागच्या जागी.

मग दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. वहिनीच्या आईनं अंथरूण धरलं आणि निरोप आला, तोंड बघायचं असेल तर या. आणि वीज धड नसायची म्हणून मालकानं डिझेलवर चालणारं इंजिन आणलं. ते बसवलं ठोक्याच्या भिंतीच्या मागच्या बाजूला.

वहिनी जायला निघाली तेव्हा म्हणाली, “चार दिवस रजा टाका. ताप आहे म्हणा.”

पण ठोक्याला रजेची भीती होती. मुकादमाचा मेव्हणा सहा महिने रिकामा बसला होता आणि येता-जाता पोत्याकडे बघायचा. चार दिवसांसाठी तो बसला असता, तर पाचव्या दिवशी उठला असता कशावरून? शिवाय ठोक्यानं एक युक्ती साधली होती. कौल बोटांवर सैल धरलं आणि टोला दिला, तर चांगलं कौल बोटांच्या टोकांत झिणझिणतं, मुंग्या धावल्यासारखं. फुटकं झिणझिणत नाही, मेल्यासारखं पडून राहतं. सुट्टीच्या दिवशी खड्ड्याकाठी बसून त्यानं याची तालीम केली होती आणि वहिनीनं तपासलं होतं. शंभरात तीन-चार चुकायची. “तीन-चार तर देवाच्याही चुकतात,” तो म्हणाला आणि तिला गाडीत बसवून आला.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं.

इंजिनाचा थरथराट भिंतीत उतरला, भिंतीतून ठोक्याच्या पाठीत, पाठीतून दंडात, दंडातून बोटांत. ऐकणाऱ्या माणसाला कळलं असतं की हे इंजिन आहे. ठोक्याला कसं कळणार? त्यानं कौल उचललं, टोला दिला, बोटांत मुंग्या धावल्या. दुसरं उचललं, त्यातही. एकामागून एक, सगळी जिवंत. अशी भट्टी त्यानं आयुष्यात बघितली नव्हती. दुपारी तो उठून खास भट्टीवाल्याकडे गेला.

“साधलीस बघ! आजच्या मालात खोट नाही.”

भट्टीवाला त्याच्याकडे बघतच राहिला. आदल्या दिवशी पाऊस आत शिरून त्याची भट्टी अर्धी बिघडली होती आणि तो शिव्यांच्या तयारीत होता. पण वाजवणारा स्वतः चांगलं म्हणतोय तर आपण कशाला तोंड उघडा! इंजिनाच्या धडधडाटात बाकी कोणाला कौलांचा आवाज येत नव्हता. दोन दिवसांचा माल पहिल्या नंबरात गेला आणि भोंग्यानं तो ट्रॅक्टरमध्ये भरून पंधरा कोसांवरच्या एका गावी नवीन दवाखान्यासाठी पोचवला.

दहाव्या दिवशी बातमी आली. तिथे छपरावर कौलं रचणाऱ्या माणसानं वरच्या ओळीकडे सरकताना एका कौलावर पाय दिला आणि कौल पापडासारखं मोडलं. तो तसाच घसरत खाली दगडांवर. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. मग तिथल्या लोकांनी उरलेली कौलं खाली काढून वाजवली. चारातलं एक फुटकं.

वहिनी तोवर परत आली होती. तिच्या आईला माती देऊन झाली होती. बातमी ऐकून तिनं ठोक्याकडे बघितलं, ठोक्यानं तिच्याकडे, आणि दोघंही आपापल्या कामाला लागली. करणार काय?

मुकादमानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. मालकाचा निरोप होता, दोषी कोण ते शोधा. मुकादम म्हणाला, “कौलं फुटली ती एक तर पोत्यावर फुटलेली होती, नाहीतर रस्त्यात फुटली. एक तर ठोक्या, नाहीतर भोंग्या.”

“रस्ता मी बांधला का?” भोंग्या गरजला. “खड्डे त्यांचे, चाकं तुमची, माझा फक्त हात. आणि ठोक्याचं नाव कशाला घेता? त्याचा कान सोन्याचा आहे. बघा ना वाजवून!”

त्याला वाटलं, आपण दोस्ताला वाचवतोय.

मुकादमानं तेच केलं. इंजिन बंद. मळायचं यंत्र बंद. वीस कौलं आणवली, काही चांगली, काही मुद्दाम चीर गेलेली. ठोक्याला पोत्यावर बसवलं. वहिनी रोजच्यासारखी समोर उभी राहिली, कौलं द्यायला. इतकी माणसं भोवती, पण बाईच्या पायाकडे कोण बघतं?

पहिलं कौल. टोला. अंगठा जागच्या जागी. “चांगलं.”

दुसरं. अंगठा उचलला. “फुटकं.”

बायका सांगतात, त्या वेळी वहिनीच्या कपाळावर घाम होता, पण ऊनच तसं होतं म्हणून कोणाला काही वाटलं नाही. वीसच्या वीस बरोबर. भोंग्यानं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

“म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी?”

आणि मग टाळ्या थांबल्या. ठोक्या नाही म्हटल्यावर कोण उरलं, ते त्याला टाळी वाजवता वाजवताच कळलं. मुकादमानं हात पुढे करून ट्रॅक्टरची किल्ली मागितली.

आता नवराबायकोला बोलायला हवं होतं, पण बोलणार कुठे? खोलीत बोलायचं तर भिंत वरून उघडी आणि ठोक्याला हळू ऐकू येत नाही. बहिऱ्याच्या कानात गुपित सांगायचं म्हणजे ते आख्ख्या रांगेला सांगायचं. दोन दिवस दोघं एकमेकांना ताटं वाढत, भांडी घासत, गप्प राहिली. सुट्टीच्या दिवशी ठोक्या म्हणाला, “मी त्या पडलेल्या माणसाला बघून येतो.” वहिनीही बरोबर निघाली.

तो माणूस घराच्या ओट्यावर खाटेवर पडला होता. पायाला वजन बांधून खाटेच्या कडेवरून विटा लोंबत सोडलेल्या. चाळिशीचा असेल. हात असे, की बघूनच कळावं हा छपरावरचा माणूस आहे. ही दोघं कारखान्याकडून चौकशीला आलीत असं समजून तो ओशाळला, बायकोला खुर्ची आणायला लावली. खूप बोलला. बोलताना एकदा मान भिंतीकडे वळवून काहीतरी म्हणाला आणि मग ठोक्याकडे वळून थांबला, उत्तराची वाट बघत. ठोक्याला ऐकू आलं नव्हतं. ऐकू न येणारी माणसं करतात तेच त्यानं केलं. मान डोलावली आणि म्हणाला, “हो, हो.”

त्या माणसाचा चेहरा पडला. त्याची बायको आत निघून गेली.

परतीच्या वाटेवर, एसटीच्या थांब्याकडे चालताना, दोन्ही बाजूंनी माणूस नाही असं बघून वहिनी थांबली आणि गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, “काय विचारलं त्यानं, माहीत आहे?”

“नाही.”

“म्हणाला, पाय माझाच चुकीचा पडला असेल, नाही का? माझीच चूक ना? आणि तुम्ही म्हणालात, हो, हो!”

ठोक्या रस्त्यातच बसला. रस्त्याच्या कडेला नव्हे, मधोमध. वहिनी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“उठा.”

“मी सांगणार.”

“कोणाला?”

“मुकादमाला. भोंग्याला परत घ्या म्हणणार.”

“आणि आपण कुठे जायचं? गुडघे बघा तुमचे, उकिडवं बसता येत नाही. खाणीत उतराल? खोलीतलं सामान कुठे ठेवू, डोक्यावर?”

“तुला बसवा म्हणणार.”

“काय?”

“पोत्यावर. चार वर्षं तूच तपासलंस. त्या वीस कौलांत तुझं एकही चुकलं नाही. ते सगळ्यांनी बघितलंय. त्यांना काय, माल चांगला निघाल्याशी मतलब. जागा तुला, खोली आपली, ट्रॅक्टर भोंग्याला.” तो हे अशा आवाजात बोलला, की जणू एवढं सोपं कोणाला सुचलंच नव्हतं.

 वहिनी नंतर बायकांना म्हणाली, मला माहीत होतं काय होणार ते, पण त्या वेळी त्यांचा चेहरा बघून जरा वेळ मलाही खरं वाटलं.

मुकादमानं सगळं ऐकलं. आधी हसला, मग उठून दार लावून आला.

“अजून कोणाला सांगितलंस?”

“कोणाला नाही.”

“नको सांगूस. चार वर्षं एक बाई माल पास करत होती आणि मला पत्ता नव्हता, हे मी मालकाला कुठल्या तोंडानं सांगू? आणि अंगणात सगळ्यांसमोर तुझी परीक्षा घेतली ती मी. तेव्हा काय माझे डोळे फुटले होते, म्हणू?”

“भोंग्याला तरी...”

“त्याच्या जागी दुसरा आलाय. स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन. आता भोंग्या निर्दोष म्हटलं तर त्याला काढलं कशाला, हे आलंच.”

“आणि हिला बसवाल? हिचा कान...”

“ठोक्या,” मुकादम म्हणाला, आणि खरं सांगायचं तर तो त्या वेळी वाईट बोलला नाही, समजावून सांगितल्यासारखं बोलला, “बाईला ठोकणी देतात का कुठे? उद्या भट्टीवरही बाई मागशील.”

लोकांना सांगितलं गेलं, की ठोक्याचं वय झालं, त्यानं स्वतःहून जागा सोडली. पोत्यावर मेव्हणा बसला. मेहरबानी म्हणून ठोक्याला रोजंदारीवर खाणीत माती वाहायला ठेवलं आणि वहिनीला पुन्हा पाटीवर. मान बरी झाली असेल आता, असं मुकादम म्हणाला.

खोली सोडायच्या आदल्या दिवशी दोघं भोंग्याकडे गेली. तोही निघायच्याच तयारीत होता. त्याच्या साडूनं दूरच्या बाजारपेठेत हमालीचं काम बघून ठेवलं होतं. पन्नाशीच्या माणसाला हमाली! ठोक्यानं सगळं सांगितलं, अंगठ्यापासून इंजिनापर्यंत. भोंग्या ऐकत होता आणि हातातली दोरी गुंडाळत होता. बोलली ती त्याची बायको.

“आता आलात? त्या दिवशी यांनी टाळ्या वाजवल्या तुमच्यासाठी. टाळ्या! हात दुखेपर्यंत!”

“मी सांगून आलो मुकादमाला. सगळं सांगून आलो.”

“मग आणून द्या किल्ली.”

ठोक्याकडे किल्ली कुठून असणार?  भोंग्यानं दोरीला गाठ मारली आणि मान खाली घालूनच काहीतरी म्हटलं, एकदाच, हळू. ठोक्यानं बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “काही नाही, चला.” ते काय होतं, हे तिनं त्याला सांगितलं नाही आणि आम्हालाही नाही. भोंग्या गेला तो गेलाच. दोन वर्षं झाली.

आता ती दोघं गावाच्या टोकाला, बंद पडलेल्या डेअरीच्या मागच्या शेडमध्ये राहतात. वर पत्रे आहेत. ठोक्या खाणीतून पाटी घेऊन वर येतो तेव्हा चढावर दोनदा थांबतो. गुडघे धरून उभा राहतो, मागची रांग खोळंबते, कोणी काही बोलतं, त्याला ऐकू येत नाही, हेच त्यातल्या त्यात बरं. मेव्हण्याचे कान ठणठणीत आहेत, पण त्याचं लक्ष रस्त्याकडे. कधी चांगली फेकतो, कधी फुटकी ठेवतो. वहिनी पाटी घेऊन पुढून जाताना न थांबता सांगते, “मागचं उचला, फुटकं होतं.” पहिल्यांदा तो चिडला. आता तो ती जवळ आली की टोला जरा जोरात मारतो आणि तिच्याकडे बघतो. त्याबद्दल तिला काही मिळत नाही. कोणी मागितलंही नाही.

गेल्या आठवड्यात मेव्हण्याला चहाची तलफ आली. मुकादम गावात नव्हता. त्यानं वहिनीला हाक मारली, “वहिनी, एवढी ओळ संपवता का? आलोच मी.” वहिनीनं इकडेतिकडे बघितलं, पाटी उतरवली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि पोत्यावर बसली. ठोकणी पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या हातात.

ठोक्या तेव्हा डोक्यावर माती घेऊन मळायच्या यंत्रापाशी रांगेत उभा होता. त्याला टोला ऐकू येत नव्हता, पण तिचे हात दिसत होते. उचललं, तोललं, टोला, डावीकडे. उचललं, टोला, खड्ड्यात. त्याच्या उमेदीतही त्याला इतकं भरभर जमलं नसेल. ती कोणाकडे बघत नव्हती. कौलाकडेही नाही, समोर कुठेतरी, ऐकणारं माणूस बघतं तसं. डावीकडचा ढीग गुडघ्याएवढा झाला, मग मांडीएवढा. दोन बायका पाट्या घेऊन जरा थांबून बघून गेल्या. एकीनं काहीतरी म्हटलं आणि वहिनी हसली, हात न थांबवता.

मग मेव्हणा तोंड पुसत आला. वहिनी उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली, एका बाईनं पाटीला हात लावला. रांग केव्हाच पुढे सरकली होती. यंत्रावरचा माणूस ठोक्याला ओरडून बोलावत होता, तीन-चारदा ओरडला असेल. मागच्यानं पाठीत कोपर मारल्यावर ठोक्याला कळलं. तो पुढे झाला आणि त्यानं डोक्यावरची माती यंत्रात ओतली.